पिठाच्या पोत्याचा झगा

मागच्या वेळी आपण साध्या परकराला जुन्या साडीचा काठ लावायला शिकलो. त्यावर एक ताई म्हणाल्या, "अंग झाकलं म्हणजे झालं, ही नटवानटवी कशाला?" तेव्हापासून मला एक खरी हकिगत सांगायची होती. ती आहे अमेरिकेतल्या शेतकरी बायकांची.

अमेरिका म्हटलं की आपल्याला उंच इमारती दिसतात. पण शंभर वर्षांपूर्वी तिथंही खेड्यापाड्यांत हातातोंडाची गाठ पडायची मारामार होती. पूर्वी तिकडं पीठ लाकडी पिंपांतून येई. शिवणयंत्राची घट्ट शिवण निघाली तशी सुती पोती आली. गंमत म्हणजे मापं पिंपाचीच राहिली. पिंपात १९६ पौंड पीठ मावायचं, म्हणून पोती ९८ नि ४९ पौंडांची.

पोतं रिकामं झालं की बाई त्याची शिवण उसवायची. दोरासुद्धा गुंडाळून ठेवायची, तो गोधडीला नाहीतर क्रोशाला कामी यायचा. शंभर पौंडांच्या पोत्यातून साधारण वारभर रुंद आणि सव्वा वार लांब कापड निघे. तीन पोत्यांत एका बाईचा झगा.

पण त्या कापडावर गिरणीचं नाव ठळक छापलेलं असायचं. ते घालवायला बायका पोतं रॉकेलमध्ये किंवा चरबी चोळून रात्रभर भिजवत, मग घरच्या कडक साबणानं घासत. तरी अक्षरं पुरती जात नसत. पोराच्या चड्डीवर पिठाचं नाव दिसलं की शाळेत हसू होई. गरिबी सोसते हो, पण ती पाठीवर छापून मिरवायची म्हणजे जीव नको होतो. आमच्या आईनं मैद्याच्या पिशवीचा परकर शिवला होता, त्यावरचं निळं अक्षर मला अजून आठवतं.

म्हणून त्या बायका साध्या पांढऱ्या कापडावर जीव ओतायच्या. घरीच रंगवायच्या, गळ्याला वेगळ्या रंगाची पट्टी, कडेला नागमोडी लेस, खिशावर भरतकाम. जुन्या कपड्याची बटणं काढून नव्याला. आता सांगा, ही नुसती नटवानटवी होती का?

हे कारखानदारांच्या ध्यानात आलं. १९२४ साली मिसुरी राज्यातल्या एसा बेल्स नावाच्या माणसानं चौकड्यांच्या कापडाची पोती काढण्याच्या कल्पनेचं पेटंट मागितलं. पुढं फुलांची, ठिपक्यांची, मुलांसाठी चित्रांची पोती निघाली. नावाची चिठ्ठी पाण्यात सुटेल अशी कागदी झाली. कोंबड्या सांभाळणं आणि अंड्यांचा पैसा बहुतेक बाईच्याच हाती, म्हणून खुराक कोणत्या कंपनीचा घ्यायचा तेही आता ती पोत्याचं कापड बघून सांगू लागली. झग्याला दोन पोती झाली, तिसरं त्याच नक्षीचं हवं, म्हणून नवऱ्याच्या हाती कापडाचा तुकडा देऊन दुकानात धाडायची. नेमकं हवं ते पोतं थप्पीच्या तळाशी! बिचारा दुकानदार.

१९२९ नंतर मंदी आली, दुकानातलं कापड परवडेना, तेव्हा या पोत्यांनी घरंच्या घरं सावरली. मग महायुद्ध. १९४२ पासून सरकारनं कपड्यांना किती कापड वापरायचं यावर बंधनं घातली, पण खाद्याच्या पोत्यांना ती नव्हती. त्यामुळं शहरातल्या बायकांनाही पोत्यांची गोडी लागली. कापूस मंडळींनी पोत्यांपासून काय काय शिवता येईल याच्या पुस्तिका काढल्या, शिवणाच्या स्पर्धा भरवल्या. अशा एका स्पर्धेसाठी १९५९ साली कॅन्सस राज्यातल्या एका बाईनं पोत्याच्या कापडाचा झगा शिवला. तो आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवलाय.

पण तोवर कंपन्या कागदी पोत्यांकडं वळल्या होत्या, ती स्वस्त पडत. त्या कागदाचं बाईनं काय करायचं? फार तर चूल पेटवायची.