चावडीपासून ग्रामसभेपर्यंत

बीडहून परळीला निघाले आणि वडवणी मागे पडली, की सिरसाळा येण्यापूर्वी तेलगाव लागते. एका अंगाला माजलगाव, दुसऱ्या अंगाला बालाघाटच्या डोंगरातले किल्ले धारूर. गावाशेजारीच सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना. अशा नाक्यावरच्या गावात माणसे सदैव जमलेलीच असतात. चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, बाजारात. परंतु माणसे जमणे निराळे आणि गाव बसणे निराळे. पाच-पन्नास माणसे एका ठिकाणी आली म्हणजे काही गाव बसत नाही. ती गावाच्या नावाने बोलू लागली, आणि त्यांनी ठरविलेले घराघरावर बंधनकारक झाले, म्हणजे गाव बसले असे आपण म्हणतो. या बसण्याचाही एक इतिहास आहे. तो लढायांच्या इतिहासाइतका देखणा नाही, पण आपल्या उंबऱ्याला लागून आहे. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर तो सांगावा असे मला वाटले.

आपल्या दख्खनी मुलखात गावाचे बसणे फार जुने. पाटील, कुलकर्णी, चौगुला हे गावचे वतनदार, आणि सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, महार वगैरे बलुतेदार. या साऱ्यांना मिळून 'गोत' म्हणत. वतनाचा तंटा निघाला, शिवेचा वाद उठला, म्हणजे गोत बसे. परगण्याच्या पातळीवर देशमुख-देशपांडेही येऊन बसत. झाल्या निवाड्याचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. मराठेशाहीतले असे महजर आज छापून निघाले आहेत. ते वाचताना मला मौज वाटते ती एका गोष्टीची. निवाडा राहतो खाली; आधी 'हाजीर मजालस' म्हणून कोण कोण बसले होते त्यांची नावे येतात. अक्षर न येणारा आपली निशाणी काढी. पाटील नांगर काढी, सुतार वाकस काढी, न्हावी आरसा काढी. ज्याचे जे हत्यार तीच त्याची सही. उद्या कोणी म्हणाला की असे ठरलेच नव्हते, तर कागदावर नांगर आणि आरसा साक्षीला उभे! शिवेच्या वादात तर महाराची साक्ष मोठी मानीत, कारण गावाची शीव पायाखाली घातलेला माणूस तो.

या व्यवस्थेचे साहेब लोकांनाही कौतुक वाटले. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली नव्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात त्याने पंचायतीचे दोष दाखविले, तरी ती मोडू नये असेच त्याचे मत पडले. पुढे १८३० साली मेटकाफने उत्तरेकडची खेडी पाहून त्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले, आणि तो शब्द आपल्या पुढाऱ्यांच्या तोंडी शंभर वर्षे राहिला.

मात्र या चित्राला दुसरी बाजू होती. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून ती मराठी वाचकांपुढे ठेवली. गोत बसे हे खरे. पण प्रत्येकाची बसण्याची जागा जन्माने ठरलेली होती. पाटील चावडीच्या ओट्यावर, बलुतेदार खाली, आणि ज्याच्या साक्षीवाचून शीव ठरत नसे तो महार त्याहूनही दूर. बायका तर या बैठकीत धरलेल्याच नव्हत्या. घरातल्या पाण्याची घागर जिच्या डोक्यावर, तिने विहिरीच्या तंट्यात बोलावे हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. एखाद्या वतनदारणीचे नाव कागदात येई, पण ते वतनापुरते. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीपुढे मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या या गोडव्यावर कठोर टीका केली, ती उगाच नव्हे. ज्याला चावडीची पायरी चढता येत नव्हती त्याच्या नजरेने त्यांनी खेडे पाहिले होते. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचे कलमही घटनेत घालायचे ठरले. आज ते ४० वे कलम आहे. एकाच महिन्यातल्या या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे पुढचा सारा प्रश्न समजतो. गावाला बसू तर द्यायचे, पण जुन्या रीतीने नव्हे.

आता आमच्या मराठवाड्याकडे वळू. येथे या दोन अवस्थांच्या मध्ये आणखी एक अवस्था येऊन गेली, आणि पुण्या-सातारकडच्या वाचकांना ती बहुधा ठाऊक नसते. आमचा मुलूख मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. पुढे जिल्ह्याला अव्वल तालुकदार आला, कचेरीची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू झाली. गावात माली पटेल, पोलीस पटेल आणि पटवारी राहिले; वतनही राहिले. फक्त त्यांची तोंडे गावाकडून कचेरीकडे फिरली. चावडी होती, पण तेथे आता सारा भरायला आणि हुकूम ऐकायला जायचे.

याहून मोठा घाव घातला तो 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निजाम सरकारने हे परिपत्रक काढले. त्याचा मतलब असा, की परवानगीवाचून सभा भरवायची नाही. इंग्रजी मुलखात टिळकांच्या मागे हजारोंच्या सभा होऊन गेल्या होत्या, आणि इकडे साध्या सभेसाठी अर्ज करून बसायचे! माणसांना एकत्र यायचे असेल तर कीर्तन, भजन, गणपतीचा उत्सव किंवा वाचनालय अशी काहीतरी ओट लागे. मराठवाड्यातल्या जुन्या वाचनालयांकडे मी म्हणूनच आदराने पाहतो. पुस्तके तर तेथे होतीच, पण चार माणसांना शेजारी शेजारी बसण्याचे ते एक निमित्त होते. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट जन्मण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि सत्याग्रह झाला. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे त्याआधी आमच्याच जिल्ह्यात, त्या वेळी मोमिनाबाद म्हटल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत, शिक्षक होते. या लढ्याचे आपण अनेक अर्थ सांगतो. मला त्यातला सर्वांत साधा अर्थ असा दिसतो, की माणसांना न विचारता एकत्र बसता यावे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, आणि बसण्यासाठी अर्ज करण्याचे दिवस संपले.

त्यानंतरच्या पायऱ्या झपाट्याने चढल्या गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेला स्थान दिले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव तो ग्रामसभेचा सभासद. वतन नको, बलुते नको, जात नको, आणि पुरुष असण्याचीही अट नको. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनेचा आधार मिळाला आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांकडे गेल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असेही आता कायद्यात आहे. गोतात जिची गणती नव्हती तिच्यासाठी आधी बैठक अंथरायची, हा पालट मी लहान समजत नाही.

मग आज गाव बसते का? मी या भागातल्या ग्रामसभांना श्रोता म्हणून अनेकदा बसलो आहे. विषय बहुतेक ठरलेले. नळाला पाणी किती दिवसांनी, गटार कोणाच्या दारात तुंबते, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव राहिले, शाळेच्या छपराचे काय, रस्त्यावरचा दिवा कधी लागणार. बाहेरच्याला हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. परंतु घरातल्या बाईला विचारा, पाण्यापेक्षा मोठे राजकारण कोणते! ज्या सभेला माणसे येतात तेथे भांडण होते, आवाज चढतात, आणि शेवटी काहीतरी ठरते. अडचण येते ती माणसे न आल्यावर. मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर पाहिजेत, असा नियम आहे. ती न भरली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला या संख्येचे बंधन राहत नाही. म्हणजे शंभर माणसे जे ठरवू शकली असती ते पुढच्या खेपेला दहा माणसे ठरवितात, आणि ते कायदेशीर असते. हजेरीच्या वहीवर सह्या आधी आणि ठराव सावकाश मागाहून, अशी तक्रारही गावोगाव ऐकू येते. अशा वेळी मला महजरावरचा तो नांगर आणि आरसा आठवतो. त्या अडाणी म्हटलेल्या माणसांनी आपली निशाणी कोऱ्या कागदावर काढली नसती.

पण आमच्या भागात माणसे येत नाहीत याला सगळीकडे आळस कारण नाही. धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातली असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हिशेबही माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. दसरा झाला, दिवाळी आली, की बिऱ्हाडे हलतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांचे घर उसाच्या फडाशेजारची कोपी.

आता ग्रामसभांचे ठरलेले दिवस पाहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. यांतल्या २६ जानेवारीला, ज्या दिवशी घटना अमलात आली त्याच दिवशी, त्यांच्या दारांना कुलपे असतात. ओसरीवर म्हातारी माणसे, आणि ज्यांना मागे ठेवता आले ती पोरे. उन्हाळ्याच्या पाण्याची तजवीज करायची ती याच दिवसांत. जी परत येऊन एप्रिलच्या उन्हात हंडा घेऊन निघणार, तीच नेमकी सभेत नसते. त्यांना कोणी हाकलले नाही. चावडीच्या पायरीवर अडविले नाही, गश्ती निशाणानेही नाही. तरी जुन्या काळी ज्यांना बैठकीत जागा नव्हती त्यांचीच नातवंडे-पतवंडे पुष्कळशी आजही बैठकीबाहेर राहतात, आणि तेही सगळे कायदे त्यांच्या बाजूचे असताना.

यावर उपाय मोठा नाही. सरपंचाला ग्रामसभा केव्हाही बोलाविता येते. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये, बिऱ्हाडे हलण्याआधी, एक सभा घ्यावी. तिच्यात उन्हाळ्याच्या पाण्याचा आणि मागे राहणाऱ्या पोरांच्या शाळेचा विषय घ्यावा. तिच्या आधी बायकांची सभा व्हावी, आणि तीही सांजच्याला, भाकरी झाल्यावर. ठराव सभेतच लिहून मोठ्याने वाचावेत, आणि मग सह्या-अंगठे घ्यावेत. काही गावांना हे सांगावे लागत नाही, पुष्कळांना लागते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यात कित्येक घरी फराळाचा डबा आणि कोयता एकाच गाठोड्यात बांधला जात असेल. ट्रॅक्टर दाराशी यायला अजून चार-आठ दिवस असतील. तेवढ्यात एक सभा सहज होते.