शिक्का आणि शाळा

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणें व कोलाड यांच्या दरम्यान खांब हें गांव लागतें. पावसाळा सरला म्हणजे या टापूंतील अनेक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामास जातात. मुलेंहि अर्थातच त्यांच्याबरोबर जातात. तीं परततात तेव्हां वर्ग पुष्कळ पुढें गेलेला असतो. त्यांत घरची बोली पुस्तकी मराठीहून निराळी. अशा मुलास 'मंद' म्हणणें सोपें. तो शाळा सोडून भटकूं लागला म्हणजे 'उनाड' म्हणणें त्याहूनहि सोपें. या दोन विशेषणांचें नातें काय, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

अल्पवयी गुन्हेगारास तुरुंगाऐवजीं शिक्षण द्यावें, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा १८५७ मध्यें निघाली. पुढें १८९७ च्या कायद्यानें पंधरा वर्षांखालील अपराधी मुलग्यांस सुधारशाळेंत धाडण्याची सोय केली. हेतु निःसंशय उदार होता. परंतु त्याच १८९७ सालीं, १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, अशा जमातींच्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांस आईबापांपासून तोडून सुधारवसाहतींत ठेवण्याची मुभा सरकारास मिळाली. पहिल्या कायद्याला मुलाची कृति दिसत होती, दुसऱ्याला केवळ त्याचा जन्म. हा दुसरा कायदा १९११ मध्यें सर्व हिंदुस्थानाकरितां नव्यानें करण्यांत आला. सोलापूरची तारेच्या कुंपणांतील वसाहत त्याचीच खूण. तो रद्द झाला १९५२ सालीं; शिक्का मात्र कायद्याबरोबर पुसला गेला नाहीं.

असाच शिक्का अमेरिकेंत निराळ्या वाटेनें आला. तेथें जन्माचें नांव न घेतां बुद्धिमापनाचें नांव घेण्यांत आलें. कॅलिफोर्नियांतील कृष्णवर्णीय मुलें मंदबुद्धि मुलांच्या वर्गांत प्रमाणाबाहेर भरली जात होतीं. 'लॅरी पी.' या खटल्यांत १९७९ मध्यें न्यायालयानें, त्या वर्गांत घालण्याकरितां अशा कसोट्या लावूं नयेत, असा निर्णय दिला. खालच्या वर्गांत बसविलेल्या मुलाची शाळेवरची आशा तुटते, आणि शाळा सुटल्यावर त्याची पहिली ओळख पुष्कळदां पोलिसांशीं होते. प्रत्येक मंद मूल गुन्हेगार होतें असा याचा अर्थ नव्हे. शाळेनें टाकलेल्या मुलास सांभाळणारें कोणी उरत नाहीं, एवढाच अर्थ.

म्हणून विशेष शिक्षणच नको, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून मतिमंद मुलांसाठीं काम करीत आहे. ज्यास खरोखर साह्य हवें त्यास तें न देणें हाहि अन्यायच. अध्ययनाच्या विशिष्ट अक्षमतेस २०१६ च्या कायद्यानें मान्यता दिली, हें योग्यच झालें. प्रश्न एवढाच कीं, तपासणी मुलास शिकवण्याकरितां होते कीं त्यास बाजूस सारण्याकरितां?

२०१५ च्या बालन्याय कायद्यांत दोन्ही प्रवृत्ति शेजारीं नांदतात. मुलांविषयीं कलंक लावणारी भाषा वापरूं नये, हें तत्त्व त्यांत आहे. आणि सोळा वर्षांवरील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप आल्यास त्याची मानसिक क्षमता तपासून त्यास प्रौढ समजून न्यायालयापुढें उभें करण्याची वाटहि त्यांत आहे. ज्याची क्षमता शाळेनें कधीं आस्थेनें पाहिली नाहीं, त्याची ती प्रथम आरोपी म्हणून मोजली जावी, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. खांबच्या मुलाची चौकशी तो भट्टीवरून परतेल त्या दिवशीं, त्याच्या बोलींत आणि त्याच्या गुरुजींनीं केली पाहिजे. तेवढें झालें तर पुढील पुष्कळशा चौकशांचें कारणच उरणार नाहीं.