कागद तिरका का जातो? कटिंग-क्रीझिंगमधील दोषाचे निदान

कारंजा लाड : पत्रिका छापून झाली, सोनेरी ठसा उठला, लॅमिनेशनही झाले आणि अगदी शेवटच्या टप्प्यात घडीची रेघ तिरकी पडली, तर आधीचा सारा खर्च पाण्यात जातो. मुहूर्त पुढे ढकलता येत नाही आणि छापलेला कागद पुन्हा कोरा होत नाही. त्यामुळे लग्नसराईत छापखान्याच्या मालकाला सर्वाधिक धास्ती असते ती कटिंग आणि क्रीझिंगच्या यंत्रात कागद तिरका जाण्याची. हा दोष लहान दिसतो, पण त्याचे मूळ शोधताना अनुभवी कारागीरही चुकीच्या यंत्राचे स्क्रू पिळत बसतात.

कापसाची बाजारपेठ आणि श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावी छापखान्याकडे येणारे काम संमिश्र असते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, मिठाईचे खोके, फाईलची पुठ्ठ्याची आवरणे असे सारेच तेथे करावे लागते. प्रत्येक कामाचा आकार निराळा, कागदाची जाडी निराळी आणि संख्या मर्यादित. अशा कामांसाठी हाताने कागद लावण्याचे पंचिंग यंत्रच परवडते आणि तेथे कागदाचा सरळपणा बहुतांशी कारागिराच्या नजरेवर व सवयीवर अवलंबून राहतो.

पोथीपासून खोक्यापर्यंत

कागदावर सरळ रेघ दाबून उमटविण्याची कला छापखान्यापेक्षा जुनी आहे. पश्चिम भारतातील जैन लेखनिक पोथी लिहिण्यापूर्वी दोरे ताणलेल्या पाटीवर कागद ठेवून तो दाबत असत. शाई न लागता ओळींच्या रेघा कागदावर उठत आणि त्यांच्या आधाराने अक्षरे लिहिली जात. कारंजा येथील जैन मंदिरांचे ग्रंथभांडार अशा हस्तलिखितांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. १९३१ ते १९३४ या काळात कारंजा जैन ग्रंथमालेतून 'जसहरचरिउ', 'णायकुमारचरिउ' आणि 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश ग्रंथ प्रसिद्ध झाले, तेव्हा या गावाचे नाव मुद्रित ग्रंथांच्या जगातही पोहोचले.

कापणे आणि घडीची रेघ दाबणे ही दोन्ही कामे एकाच दाबात करण्याची कल्पना मात्र एका अपघातातून पुढे आली. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात १८७९ मध्ये पिशव्यांवर काम चालू असताना रेघ दाबणारी धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि तिने पिशव्या कापून टाकल्या. नुकसान झाले, पण एकाच साच्यात धारदार आणि बोथट पट्ट्या बसविल्या तर खोक्याचा पुठ्ठा एका दाबात तयार होईल, हे गेअर यांच्या ध्यानात आले. आजचा लाकडी पाटीत पाती बसविलेला डाय याच तत्त्वावर चालतो. पुढे १९४० मध्ये स्वित्झर्लंडच्या बॉब्स्ट कंपनीने कागद आपोआप ओढून घेणारे प्लेटन यंत्र आणले. यंत्रे बदलली, तरी कागद दरवेळी त्याच जागी आणि त्याच कोनात पोहोचला पाहिजे, ही अट कायम राहिली.

तिरका, पण कशाच्या तुलनेत?

दोष दिसताच यंत्राला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आवश्यक असते. रेघ तिरकी आहे ती कागदाच्या कडेच्या तुलनेत, की छपाईच्या तुलनेत? या प्रश्नाच्या उत्तरातच निम्मे निदान असते.

छपाई कडेला समांतर आहे आणि घडीची रेघ दोन्हींच्या तुलनेत तिरकी आहे, तर दोष क्रीझिंगच्या टप्प्यावर आहे. रेघ कडेला समांतर आहे, पण छपाई तिरकी आहे, तर क्रीझिंग यंत्र निर्दोष असून चूक छपाईत झालेली आहे. कागदाच्या लगतच्या दोन कडाच एकमेकींशी काटकोनात नसतील, तर चूक त्याही आधीची, म्हणजे कोरा कागद कापतानाची असते. शेवटच्या टप्प्यावर उघड होणारा दोष पुष्कळदा पहिल्या टप्प्यावर जन्मलेला असतो.

घडीच्या कामात हा दोष अधिक डोळ्यांत भरतो, यालाही कारण आहे. रेघ जितक्या कोनात कलते, त्याच्या दुप्पट कोनात घडीचा वरचा भाग फिरतो. म्हणून सपाट कागदावर नजरेआड होणारा कल पत्रिका मिटताच दोन कडांच्या तफावतीतून समोर येतो.

दहा कागदांची परीक्षा

दुसरी चाचणी बिनखर्चाची आहे. यंत्रातून लागोपाठ दहा कागद काढावेत, त्यांवर पेन्सिलीने क्रमांक घालावेत आणि कोणती कड टेकणाला लागली होती, त्याची खूण करावी. मग ते एकमेकांवर ठेवून रेघा ताडून पाहाव्यात.

दहाही कागदांवर सारखाच कल असेल, तर कारण स्थिर आहे. डाय चौकटीत तिरका आवळला गेला आहे, टेकण चुकीच्या जागी आहे किंवा साऱ्या कागदांचा काटकोन सारखाच चुकलेला आहे. प्रत्येक कागदावर कल वेगळा असेल, तर कारण बदलते आहे. कागद लावताना तो टेकणापर्यंत नीट पोहोचत नाही, आदळून मागे येतो किंवा वाकलेला आहे. ठराविक अंतराने एकच कागद बिघडत असेल, तर यंत्राचा फिरता भाग तपासावा लागतो. पहिल्या प्रकारात टेकण हलवून उपयोग होतो. दुसऱ्या प्रकारात टेकण हलविल्यास दोष केवळ जागा बदलतो.

कटिंग मशीनचा काटकोन

कटिंग मशीनमध्ये थप्पी मागच्या गेजला आणि बाजूच्या भिंतीला टेकवून कापली जाते. मागचे गेज सुरीला समांतर नसेल, तर कापलेली कड समोरच्या कडेशी समांतर राहत नाही. बाजूची भिंत सुरीशी काटकोनात नसेल, तर कोपरा बिघडतो. गुण्या लावून हे पाहता येते, पण त्याहून सूक्ष्म रीत उलटापालटीची आहे. एकाच थप्पीतील दोन कागद घेऊन त्यांपैकी एक पालथा करावा आणि दोघांची टेकवलेली कड जुळवावी. काटकोन बिनचूक असेल, तर लगतच्या कडाही तंतोतंत जुळतात. काटकोन चुकलेला असेल, तर तफावत दुप्पट होऊन दिसते. १ मिलिमीटरची चूक येथे २ मिलिमीटर दिसते आणि साध्या डोळ्यांनाही कळते.

थप्पीच्या उंचीचाही विचार करावा लागतो. सुरी बोथट असेल किंवा क्लॅम्पचा दाब कमी असेल, तर सुरी खाली येताना वरचे कागद ओढले जातात आणि वरच्या व खालच्या कागदांच्या मापात फरक पडतो. यासाठी थप्पीतील वरचा, मधला आणि तळाचा असे तीन कागद जुळवून पाहावेत. फरक आढळल्यास सुरीला धार लावावी, दाब तपासावा आणि थप्पी लहान घ्यावी. कापण्यापूर्वी कागदांत हवा खेळवून थप्पी दोन बाजूंनी ठोकून सारखी करणे ही प्राथमिक शिस्तही घाईच्या दिवसांत हमखास विसरली जाते.

तीन टेकणांचे गणित

पंचिंग यंत्रावर कागदाची जागा तीन टेकणे ठरवितात. लांब कडेला दोन आणि आखूड कडेला एक. कागदाचा कोन लांब कडेची दोन टेकणे ठरवितात, म्हणून त्यांच्यातील अंतर महत्त्वाचे ठरते. दोन टेकणे १०० मिलिमीटर अंतरावर असून त्यांपैकी एक अर्धा मिलिमीटर सरकले, तर ४०० मिलिमीटर लांबीच्या कागदावर ही चूक २ मिलिमीटर होते. तीच टेकणे २५० मिलिमीटर अंतरावर असतील, तर चूक ०.८ मिलिमीटरवर थांबते. टेकणे शक्य तितकी दूर, पण कागदाच्या कोपऱ्यांपासून थोडी आत ठेवावीत, ती याचसाठी.

टेकणावर कागद सतत आदळून खाच पडते आणि कागदाची कड त्या खाचेत अडकते. चिकटविलेले टेकण उष्णतेने किंवा दाबाने सैल होते. डायमधील पात्यांच्या बाजूला लावलेले रबर एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला मऊ असेल, तर दाब सुटताना कागद एकीकडून आधी सुटतो आणि फिरतो. रबर झिजल्यास कागद पात्यालाच चिकटून ओढला जातो. अशी कारणे दिसायला किरकोळ असली, तरी रोजच्या तक्रारींचा मोठा भाग त्यांतूनच उद्भवतो.

याहून महत्त्वाचा नियम असा, की छपाईच्या वेळी ज्या दोन कडा टेकणाला लावल्या होत्या, त्याच दोन कडा क्रीझिंगच्या वेळीही लावाव्यात. कागदांच्या मापात थोडाफार फरक असतोच. टेकवण्याची कड बदलली, की तो फरक थेट रेघेत उतरतो. छपाई उरकताच थप्पीच्या त्या कोपऱ्यावर ठळक खूण करून ठेवली, तर पुढचा गोंधळ टळतो.

स्वयंचलित यंत्रावर

मोठ्या शहरांतील स्वयंचलित प्लेटनवर कागद समोरच्या व बाजूच्या टेकणांना लागून सरळ होतो आणि मग साखळीवरच्या दांड्यांतील ग्रिपर तो पकडून पुढे नेतात. आठ दांडे असलेल्या यंत्रात दर आठवा कागद तिरका येत असेल, तर दोष बहुधा त्या एका दांड्यात असतो. एखादा ग्रिपर सैल झालेला असतो किंवा दांडा एका टोकाला मागे पडलेला असतो. कागद पुढे ढकलणाऱ्या चाकांचा दाब डावीकडे व उजवीकडे असमान असेल, तर एक बाजू आधी पोहोचते. वेग वाढविल्यावरच कागद तिरका जात असेल, तर तो टेकणावर आदळून मागे उसळत असल्याची शक्यता असते. अशा वेळी वेग थोडा कमी करून पाहणे हीच पहिली चाचणी होय.

हवेचा परिणाम

कागद हवेतील ओलावा शोषतो आणि सोडतोही. कागदाच्या चाचण्यांसाठी २३ अंश सेल्सियस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता हे प्रमाण मानले जाते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी होते, तेव्हा थप्पीच्या कडा आधी सुकून आकसतात व मधला भाग फुगतो. पावसाळ्यात उलट घडते. कडा ओलावा शोषून लाटांसारख्या होतात. अशी कड टेकणाला सर्वत्र सारखी टेकत नाही. कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे कागद एकमेकांना चिकटतात, ते वेगळेच.

तंतूंच्या दिशेपेक्षा तिच्या आडव्या दिशेने कागद अधिक फुगतो. म्हणून एकाच कामासाठी कापलेल्या साऱ्या कागदांत तंतूंची दिशा एकच असावी. गोदामातून आणलेला कागद वेष्टनासह काही काळ यंत्राच्या खोलीत ठेवून मगच उघडावा आणि उरलेली थप्पी झाकून ठेवावी.

रेघ सरळ, तरी घडी वाकडी

काही वेळा कागद सरळ जातो, रेघही सरळ पडते, तरी घडी वाकडी बसते. येथे दोष क्रीझिंग चॅनेलचा असतो. चॅनेलची रुंदी सर्वसाधारणपणे पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट अधिक क्रीझिंग पट्टीची जाडी इतकी धरतात. पुठ्ठा ०.३ मिलिमीटर आणि पट्टी ०.७ मिलिमीटर असेल, तर चॅनेल सुमारे १.१५ मिलिमीटर रुंद हवे. ते फार रुंद झाले किंवा पट्टीच्या एका अंगाला सरकवून चिकटविले गेले, तर घडी रेघेच्या मधोमध न पडता इकडेतिकडे भटकते. अशा वेळी टेकणे हलविणे व्यर्थ असते.

कागद गेला तरी चालेल

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू वाया जाणाऱ्या कागदाची नाही. प्लेटन मिटत असताना तिरका बसलेला कागद बोटाने सरळ करण्याचा मोह अनावर असतो. छापलेला कागद महाग, काम घाईचे आणि हात सवयीचा, या तिन्हींच्या संगतीत बोटे चिरडतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्रांवर अल्पवयीन कामगारांना पूर्ण प्रशिक्षण आणि देखरेखीशिवाय काम देण्यास मनाई केली आणि गिलोटिन व प्लेटन छपाईयंत्रे धोक्याची मानली गेली. छोटे छापखाने कामगारसंख्येमुळे पुष्कळदा अशा कायद्यांच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे शिकाऊ मुलाच्या बोटांची जबाबदारी मालकाच्या शिस्तीवरच येते.

ही शिस्त साधी आहे. तिरका बसलेला कागद त्या फेरीत तसाच जाऊ द्यावा किंवा दाब सोडवून यंत्र थांबवावे. टेकण, रबर वा चॅनेलला हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी आणि फिरते चाक पूर्ण थांबू द्यावे. कटिंग मशीनवरील दोन्ही हातांनी दाबायची बटणे दोरी किंवा चिकटपट्टी बांधून निकामी करू नयेत. मोजून दिलेल्या कागदांत वाया जाणाऱ्यांसाठी काही जादा कागद आधीच धरले, तर एका कागदासाठी हात आत घालण्याचे कारणच उरत नाही.

तपासणीचा क्रम

१. रेघ कडेच्या तुलनेत तिरकी आहे की छपाईच्या, हे ठरवावे.
२. क्रमांक घातलेले दहा कागद जुळवून कल स्थिर, बदलता की ठराविक अंतराने येणारा, हे पाहावे.
३. एक कागद पालथा करून काटकोन तपासावा आणि थप्पीतील वरचा, मधला व तळाचा कागद जुळवावा.
४. छपाईच्या वेळच्याच दोन कडा टेकणाला लागत आहेत, याची खात्री करावी.
५. टेकणांतील खाचा व सैलपणा, रबर आणि चॅनेल यांची यंत्र बंद ठेवून पाहणी करावी.
६. कागदाच्या कडा लाटांसारख्या किंवा ताणलेल्या नाहीत ना, हे पाहावे.
७. हे सारे निर्दोष आढळल्यावरच चौकटीतील डाय सैल करून पुन्हा बसवावा.

पुष्कळ छापखान्यांत हा क्रम नेमका उलटा पाळला जातो. आधी डाय हलविला जातो आणि कटिंग मशीनकडे अखेरीस लक्ष जाते. तोपर्यंत डायची मूळ जागाही हरवलेली असते आणि एका दोषाचे दोन दोष होतात. डाय हलविण्यापूर्वी चौकटीवर त्याच्या जागेची खूण करून ठेवल्यास हा दुसरा दोष तरी टळतो.