शब्दवेध : डोक्याचा मान

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर राजधानी बनलं. प्रांताच्या अशा मुख्य शहराला इटालियनमध्ये 'कापोलुओगो' म्हणतात. 'लुओगो' म्हणजे ठिकाण आणि 'कापो' म्हणजे डोकं. हा 'कापो' लॅटिन 'कापुत'चा वारस. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे उतरलेला कप्तानही त्याच घराण्यातला.

मराठीत हा मान फारसी 'सर'ला. फारसीतही त्याचा अर्थ डोकंच. संस्कृत 'शिरस्'शी त्याचं नातं चुलतभावाचं, म्हणजे तसा तो परका नव्हेच. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, सरनौबताचा सेनापती झाला. गंमत अशी, की पुढे त्या शुद्ध सेनापतीच्याच डोक्यावर 'सर' चढून बसला आणि 'सरसेनापती' रूढ झाला! हिंदीत मात्र या 'सर'च्या जागी अनेकदा 'मुख्य' येतो. रायपूरच्या मराठी घरात आजही हा फरक दिसतो. तिथल्या हिंदी वर्तमानपत्रातले 'मुख्य न्यायाधीश' मराठी अंकात 'सरन्यायाधीश' होतात. सरपंच मात्र दोन्हीकडे सरपंचच.

खरी मौज पुढे आहे. फारसी 'कार' म्हणजे काम, इटालियन 'लावोरो' म्हणजेही काम. इटालियनांनी डोक्याला काम जोडून 'कापोलावोरो' केला, त्याचा अर्थ अजोड कलाकृती. फारसीने तीच जोडणी केली आणि आपल्याला मिळालं 'सरकार'. दोन्हींची तुलना वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर करावी.

शाळेतले 'सर' मात्र या कुळातले नाहीत. ते इंग्रजीतून आले, आणि त्यांचं मूळ लॅटिन 'सेनिओर', म्हणजे वयाने मोठा.