टीबीच्या गोळ्यांनी यकृताला सूज का येते?

टीबीच्या उपचारातील आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे यकृताला इजा करू शकतात. चौथे, इथॅम्ब्युटॉल, सहसा करत नाही. त्रास बहुधा पहिल्या दोन महिन्यांत दिसतो.

आयसोनियाझिडचे यकृतात विघटन होताना तयार होणारे काही घटक तिथल्या प्रथिनांना चिकटतात. अशी बदललेली प्रथिने शरीराच्या संरक्षक पेशींना परकी वाटू शकतात. मग यकृतातल्या कुफर पेशी दाहक रसायने सोडतात, रक्तातून टी-पेशी येतात आणि आपल्याच यकृतपेशी मारल्या जातात. गंभीर इजा झालेल्या काही रुग्णांच्या रक्तात या औषधाविरुद्ध प्रतिपिंडेही सापडली आहेत. बहुतेकांत मात्र ही यंत्रणा सबुरीने घेते: एसजीपीटी थोडे वाढते आणि गोळ्या चालू असतानाच उतरते. म्हणून नुसता रिपोर्ट पाहून गोळ्या सोडू नका.

भूक मेली, उलट्या झाल्या, लघवी गडद किंवा डोळे पिवळे झाले, तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. तुमसर असो वा लाखांदूर, कावीळ उतरवायला झाडपाला घ्यायचा आणि गोळ्याही चालू ठेवायच्या, हा सर्वांत घातक प्रकार. मोहाची दारूही बंदच.

लक्षणांसह एसजीपीटी तिप्पट, किंवा लक्षणांविना पाचपट झाले, की डॉक्टर ही औषधे थांबवतात आणि यकृत सावरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात.

भंडारा जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्णही आहेत. त्यांचे डोळे एरवीही पिवळसर दिसतात. तुम्हाला सिकलसेल असेल तर तसे आधीच सांगा, पण पिवळेपणा वाढला तर तपासणी टाळू नका.