नावात अमदावाद

सातवीत असताना आठवडी बाजारातून मी वीस रुपयांना एक हिरवीगार मुनिया आणली होती. आठ-दहा दिवसांनी तिने वाटीत अंघोळ केली आणि वाटीतलं पाणी हिरवं झालं. आतून निघाली ती मातकट रंगाची साधी मनोली. फसवलं म्हणून मी रडलो. तिला पकडलं कुठे, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा तिची चुलत बहीण भेटली: लाल मुनिया. जेमतेम दहा सेंटिमीटरची. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत नर लालभडक होतो, अंगावर पांढरे ठिपके. वीण संपली की मादीसारखाच फिका. शास्त्रीय नाव अमांडावा अमांडावा. लॅटिन वाटतं ना? तो 'अमदावाद'चा, म्हणजे अहमदाबादचा अपभ्रंश आहे.

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ मध्ये इकडे आला. (पुढे जुन्नरच्या मुघल अधिकाऱ्याच्या घरी उपचाराला गेलेला तो हाच.) अहमदाबादेहून येणाऱ्या या पाखरांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. एका पिंजऱ्यात पन्नास. एक म्होरक्या सूर लावतो, बाकीचे साथ धरतात. ठिपक्यांना त्याने उपमा दिलीय ती गोवराची. डॉक्टरच शेवटी! असेच पिंजरे जहाजांतून युरोपात जात होते. १७५८ मध्ये लिनियसने हेच नाव शास्त्रात पक्कं केलं. गवता-लव्हाळ्यात राहणाऱ्या पाखराला नाव मिळालं ते बाजाराचं.

लिनियसने तिला फिंचांच्या फ्रिंजिला प्रजातीत बसवलं. आखूड, जाड, बिया फोडणारी चोच. तेव्हा एवढं पुरे होतं. आज मुनियांचं कुळ वेगळं मानतात, एस्ट्रिल्डिडी, आणि त्या सुगरणीच्या जवळच्या ठरल्यात. गंमत म्हणजे डार्विनचे जगप्रसिद्ध फिंचही खरे फिंच नाहीत, ते टॅनेजर कुळातले. चोच खाण्यावरून घडते, त्यामुळे नुसत्या चोचीवरून नातं जोडायला गेलं की फसायला होतं.

पिंजऱ्यातून निसटलेल्या, सोडून दिलेल्या लाल मुनिया आज स्पेन, पोर्तुगाल, इटली, जपान, फिजी, हवाई इथे रानात नांदताहेत. स्पेनमध्ये ग्वादियाना नदीच्या खोऱ्यात १९७० च्या दशकापासून त्यांनी बस्तान बसवलंय. ओलिताची शेतं, कडेला लव्हाळी. अजून काय हवं?

आणि खरीखुरी हिरवी मुनियाही आहे, अमांडावा फॉर्मोसा. फक्त भारतात, मध्य भारतात आणि अबूच्या डोंगराकडे. पिंजऱ्यांसाठी इतकी पकडली गेली की आज ती 'असुरक्षित' जातींच्या यादीत आहे. देशी रानपाखरांच्या व्यापारावर १९९०-९१ मध्ये बंदी आली, तरी चोरून विक्री चालूच राहिली. माझ्या मनोलीला कदाचित हिचंच सोंग दिलं होतं.

ती मनोली मी दिवाळीच्या सुट्टीत सोडली. दोन दिवस खिडकीच्या गजावर येऊन बसत होती. मी राळे ठेवायचो. तिसऱ्या दिवशी ते चिमण्यांनी खाल्ले.