परागकणांची साक्ष

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. मराठवाड्यातील अशा गावांच्या शिवारात काटेरी, पिवळ्या फुलांची कोरांटी दिसते; परसात खोकल्यावरचा अडुळसा असतो. दोन्ही झाडे वासक कुळातील, म्हणजे एकाच गोत्राची, हे नुसत्या डोळ्यांना सहसा पटत नाही. त्यांची वेगळी ओळख सूक्ष्मदर्शकाखाली पटते. कोरांटीच्या परागकणावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तर अडुळशाच्या परागकणावर छिद्रांच्या दोन्ही बाजूंस बेटांसारख्या उंचवट्यांच्या रांगा असतात.

एका जातीचे परागकण एकसारखे असतात, हे नेहेमाया ग्रू या इंग्रज अभ्यासकाच्या १६८२ सालच्या ग्रंथात आढळते. पुढे १८९५ मध्ये गुस्ताव लिंडाऊ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने वासक कुळाची विभागणी करताना परागकणांवरच मोठी भिस्त ठेवली. विसाव्या शतकात स्वीडनच्या गुन्नार एर्टमान यांनी आम्लांच्या मिश्रणाने परागकण आतून रिते करण्याची रीत रूढ केली. त्यामुळे टणक बाह्यकवचावरील नक्षी स्पष्ट दिसू लागली आणि १९५२ मधील त्यांच्या ग्रंथाने या अभ्यासाला भक्कम बैठक दिली.

या साक्षीची खरी कसोटी मात्र आपल्या सह्याद्रीतील कारवीच्या बाबतीत लागली. ठरावीक वर्षांनी एकदम फुलणाऱ्या या झुडपाला १८३२ मध्ये नेस यांनी 'स्ट्रोबिलँथिस' या प्रजातीत घातले होते. या प्रजातीतील जातींचे परागकण कमालीचे भिन्न: काही गोल व काटेरी, काही लांबट व उभ्या पट्ट्यांचे. या भेदांना मोठे महत्त्व देऊन डच शास्त्रज्ञ ब्रेमेकॅम्प यांनी १९४४ मध्ये हा गोतावळा ५४ प्रजातींत वाटून टाकला. कारवीच्या वाट्याला 'कार्विया' हे स्वतंत्र घर आले. आपल्याकडील अनेक वनस्पतिसूचींत ते नाव आजही भेटते. पुढे मात्र अभ्यासकांचा कल पुन्हा एकाच प्रजातीकडे झुकला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासानेही त्यास पुष्टी दिली.

मग परागकण खोटे बोलले काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी भेद दाखवला, तो खराच होता. त्या भेदाला किती वजन द्यायचे, हा निवाडा माणसाचा होता. याउलट ज्वारी, बाजरी यांसारख्या गवतांचे परागकण गोल, एकाच छिद्राचे आणि इतके सारखे की त्यांवरून जाती ओळखणे अवघड. म्हणजे एका घरात बोलका ठरणारा साक्षीदार दुसऱ्या घरात जवळजवळ मुका असतो.

साहित्याच्या अभ्यासकांना हे अनोळखी नाही. एकाच पाठभेदावरून पोथ्यांची वंशपरंपरा ठरवता येत नाही. अनेक पाठ एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. कारवीचा इतिहास हेच सांगतो. परागकण हा वर्गीकरणातील एक मोलाचा पाठ आहे, पण संपूर्ण पोथी नव्हे.